कर्सर नावावर आहे, आता जायचं कुठं? एडिटरमधल्या सिम्बॉल-शोधाबद्दल जरा सविस्तर

तुझा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तू सोलापुरातच इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहेस, तुम्ही तिघं मिळून प्रोजेक्टसाठी सी मध्ये एक हलका टेक्स्ट एडिटर लिहिताय, तो लॅबमधल्या 4 जीबी रॅमच्या मशीनवर चालायलाच पाहिजे, आणि आता गाडी ‘कोडमधल्या नावावर (म्हणजे सिम्बॉलवर, फंक्शन, क्लास, व्हेरिएबल काहीही) क्लिक केलं की ते जिथं लिहिलंय त्या डेफिनिशनवर जायचं’ ह्या फीचरपाशी अडकलीय. एक पार्टनर म्हणतो चार रेजेक्स (मजकूर शोधायचे पॅटर्न) लिहू आणि सुटू, दुसरा म्हणतो लँग्वेज सर्व्हर, म्हणजे भाषा समजणारा वेगळा प्रोग्रॅम, जोड की झालं, आणि तू विचारतोयस, "ताई, ह्यातलं बरोबर कुठलं, आणि कामाचा क्रम कसा ठेवू?"

दोघंही थोडे थोडे बरोबर आहेत. पण आधी माझीच एक फजिती सांगते, कारण पुढं जे काय सांगणारे ते सगळं तिच्यातून आलंय. मी पुण्याला जाऊन एडिटर आणि कोड-सर्चच्या कामाला लागले त्याच्या आधीची गोष्ट. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल एक्स्पोर्ट करणाऱ्या एका कारखान्याचं बिलिंग सॉफ्टवेअर मी सांभाळायचे, पीएचपीतलं, माझ्या आधी चार जणांनी हात घातलेला. त्यात ‘गेटरेट’ नावाचं फंक्शन सहा फाइलींत होतं, त्या फाइली कधी एकत्र इन्क्लूड व्हायच्या नाहीत म्हणून पीएचपी पण गप्प. मी कंट्रोल-क्लिक केलं, एडिटरनं त्यातल्या एका ‘गेटरेट’वर नेऊन सोडलं, बाकीचे पाच आहेत ह्याचा साधा उल्लेख नाही. मी विश्वासानं तिथं दराचं गणित दुरुस्त केलं, ते निघालं जुन्या कोटेशनचं, आणि खऱ्या बिलांवर दोन दिवस चुकीचाच दर छापून गेला. शेठनी काय ऐकवलं ते इथं लिहीत नाही.

तर माझं मत तेव्हापासून ठरलेलं आहे, एडिटरला उत्तर माहीत नसलं तरी माझी काही तक्रार नाही, पण माहीत नसताना छातीठोकपणे एका जागी नेऊन उभं करणं हा गुन्हा आहे. आणि नेलंच चुकून, तर एका बटणात मला होते तिथं आणून सोडता आलं पाहिजे. सिम्बॉल-लुकअपचं डिझाइन म्हणजे मला तरी ह्या दोन गोष्टींचंच डिझाइन वाटतं, पार्सर (कोड वाचून त्याची रचना काढणारा भाग) वगैरे त्यानंतर.

आता पहिली गोष्ट. ‘सिम्बॉल शोधणे’ हा एक प्रश्न नाहीये, ते चार प्रश्न आहेत आणि तू ते एकाच फंक्शनमध्ये कोंबायला निघालायस असं वाटतंय. ह्या फाइलीत काय काय आहे, हा एक. नाव अर्धवट आठवतंय, अख्ख्या प्रोजेक्टमध्ये ते कुठं आहे, हा दुसरा. कर्सरखालचं हे नाव नेमकं कुठं डिफाइन झालंय, हा तिसरा. आणि हे बदललं तर कोण कोण रडणार, म्हणजे कुठून कुठून कॉल होतंय, हा चौथा. पहिल्याला एका फाइलीचा पार्स पुरतो. दुसऱ्याला सगळ्या नावांची यादी लागते पण भाषेची अक्कल फारशी लागत नाही. तिसऱ्याला स्कोप, म्हणजे कुठलं नाव कुठपर्यंत लागू आहे, ते कळावं लागतं, आणि चौथ्यासाठी प्रत्येक वापर नोंदवून ठेवावा लागतो, आणि वापर हे डेफिनिशनांच्या कितीतरी पट असतात त्यामुळं मेमरीचं गणितच बदलतं. स्मॉलटॉक ही भाषा बनवणाऱ्यांना हे झेरॉक्सच्या पार्क लॅबमध्ये केव्हाच कळलेलं होतं, त्यांच्या कोड-ब्राउझरमध्ये ‘इम्प्लिमेंटर्स’ आणि ‘सेंडर्स’ असे वेगवेगळे मेनू होते, कोण लिहितं ते वेगळं आणि कोण बोलावतं ते वेगळं. आपण अजून तेच परत परत शोधतोय.

रेजेक्सवाल्या पार्टनरला एकदम उडवून लावू नको. साधा टेक्स्ट सर्च ही तुझी सगळ्यात खालची पायरी आहे आणि ती कधीच खोटं बोलत नाही, ‘हे अक्षरांचं जोडकाम इथं इथं सापडलं’ एवढाच तिचा दावा असतो. कॉलेज प्रोजेक्टएवढा कोड असेल, चारपाच एमबी, तर तो मेमरीत घेऊन सरळ स्कॅन केला तरी डोळ्याची पापणी लवायच्या आत होतो, त्याला इंडेक्स बिंडेक्स, म्हणजे आधीच करून ठेवलेली यादी, काही लागत नाही. फार मोठा कोड असेल तर ट्रायग्राम इंडेक्स करतात, म्हणजे प्रत्येक सलग तीन अक्षरांच्या तुकड्यासाठी ‘हा तुकडा कुठल्या फाइलींत आहे’ अशी यादी ठेवायची, शोधताना त्या याद्यांचा छेद घ्यायचा आणि उरलेल्या थोड्याच फाइली खरोखर उघडून तपासायच्या. रस कॉक्सनं गूगल कोड सर्च असाच बांधला होता आणि ती सेवा बंद झाल्यावर 2012 मध्ये त्यानं सगळी पद्धत लिहून मोकळी केली. तुला त्याची गरज नाही. उगाच हौस म्हणून करू नको, परीक्षकांना ट्रायग्रामपेक्षा चालणारा एडिटर आवडेल.

पुढची पायरी म्हणजे टॅग्ज, कुठलं नाव कुठं डिफाइन झालंय त्याची यादी. आणि इथं मी जरा रेंगाळणार आहे कारण आजकालच्या पोरांनी सीटॅग्जची फाइल उघडून बघितलेलीच नसते. केन अरनॉल्डनं बर्कलीच्या युनिक्ससाठी लिहिलेलं हे टूल, 1970 च्या दशकाच्या शेवटचं, नंतर डॅरेन हायबर्टचं एक्झुबरंट सीटॅग्ज आलं, त्याचं 5.8 व्हर्जन 2009 ला निघून तिथंच थांबलं आणि आता युनिव्हर्सल सीटॅग्ज म्हणून लोक पुढं चालवतात. फाइलचा फॉरमॅट बघितलास तर हसशील इतका साधा, एका ओळीत नाव, मग टॅब, मग फाइलचं नाव, मग टॅब, मग जागा. पण त्यात दोन हुशाऱ्या आहेत. एक, सगळ्या ओळी नावाप्रमाणे सॉर्ट केलेल्या असतात, त्यामुळं व्हीआय ह्या जुन्या एडिटरला अख्खी फाइल मेमरीत घ्यायलाच लागत नव्हती, डिस्कवरच मध्यात उडी मारून बायनरी सर्च. एक लाख नावं असतील तर 17 तुलनांत काम खल्लास. आणि दुसरी हुशारी मला जास्त आवडते, ‘जागा’ म्हणून लाइन नंबरऐवजी बहुतेक वेळा त्या ओळीचा मजकूरच सर्च पॅटर्न म्हणून ठेवलेला असतो. म्हणजे वर कुणी दहा ओळी घातल्या तरी टॅग मोडत नाही, एडिटर ती ओळ शोधून काढतो. चाळीसेक वर्षांपूर्वीच्या ह्या युक्तीनं मला आजही वाचवलंय, पुढं सांगते कसं.

टॅग्ज काढायला रेजेक्स वापरायचं का? सुरुवातीला वाटतं हो, ‘फंक्शन’ शब्द, मग नाव, मग कंस, बास. मग सी मध्ये रिटर्न टाइप एका ओळीवर आणि नाव दुसऱ्या ओळीवर येतं, मग कॉमेंटमध्ये टाकलेलं जुनं फंक्शन सापडतं, मग स्ट्रिंगमधलं, मग मॅक्रो, आणि तुझं रेजेक्स आपल्या गड्डा यात्रेतल्या गर्दीत हात सुटलेल्या पोरासारखं कुठंतरी भलतीकडंच निघून जातं. हितं मी सरळ सांगते, ट्री-सिटर ही पार्सरची लायब्ररी घे, ती कोडच्या रचनेचं झाड बनवून देते. मॅक्स ब्रन्सफेल्डनं गिटहबमध्ये ॲटम एडिटरसाठी सुरू केलेलं, सी मध्ये लिहिलेलं आहे, तुमच्या एडिटरला सहज लिंक होईल. त्याचे दोन गुण तुला लागणारेत. तो इन्क्रिमेंटल आहे, म्हणजे तू एक अक्षर टाइप केलंस तर जुन्या झाडाचा न बदललेला भाग तसाच वापरून बाकीचाच परत पार्स करतो. आणि तो तुटक्या कोडवर पण झाड देतो, चुकलेल्या भागाला एरर नोड लावतो आणि पुढं चालतो. हे फार महत्त्वाचं कारण एडिटरमधला कोड हा जवळजवळ कायमच मोडलेला असतो रे, माणूस टाइप करतोय, कंस उघडलाय अजून बंद केला नाही, कंपायलरचा पार्सर अशा वेळी हात वर करतो आणि तुझी आउटलाइन (फाइलीतल्या नावांची यादी) फटकन रिकामी होते. बऱ्याच भाषांच्या ग्रामरबरोबर टॅग्जच्या क्वेरी तयारच मिळतात, कुठला नोड म्हणजे डेफिनिशन आणि कुठला म्हणजे कॉल ते लिहिलेलं असतं, म्हणजे चौथ्या प्रश्नाचा कच्चा माल पण फुकटात.

इंडेक्स कसा ठेवायचा ते. प्रत्येक फाइलीची नोंद वेगळी ठेव, हे माझं सगळ्यात ठाम सांगणं. अख्ख्या प्रोजेक्टचं एकच मोठं हॅशटेबल करून त्यात भर घालत बसलास तर फाइल बदलल्यावर जुन्या नोंदी शोधून काढून टाकणं हा छळ होतो आणि कुठंतरी एक राहून जाते, मग डिलीट केलेलं फंक्शन भुतासारखं यादीत दिसत राहतं. त्यापेक्षा फाइल बदलली की तिची अख्खी यादी फेकायची आणि नवी बसवायची. एका नोंदीत नाव, प्रकार, सुरुवात-शेवट, कुठल्या क्लासच्या आत आहे ते, आणि सीटॅग्जसारखा त्या ओळीचा मजकूर. समज नोंदीला 100 बाइट पडले तर लाखभर सिम्बॉलना 10 एमबी, तुझ्या 4 जीबीत आरामात. नावं परत परत येतात त्यामुळं स्ट्रिंग एकदाच साठवून तिचा नंबर वापरलास तर अजून कमी.

दुसऱ्या प्रश्नासाठी, म्हणजे अर्धवट नावावरून शोध, लोक उगाच ‘ट्राय’ नावाची झाडासारखी रचना आणि काय काय घेऊन बसतात. लाखभर छोटी नावं सरळ ओळीनं तपासायला मिलिसेकंदच लागतात. प्रत्येक नावात कुठली अक्षरं आहेत ह्याचा एक 26 बिटांचा मास्क काढून ठेव, माणसानं टाइप केलेल्यातलं एखादं अक्षर मास्कमध्ये नसेल तर ते नाव बघायचंच नाही, एवढ्यानं पण बरीच गाळणी होते. खरं कौशल्य रँकिंगमध्ये आहे. ‘चाऑप्रिं’ असं काहीतरी टाइप करणाऱ्याला ‘चादर-ऑर्डर-प्रिंट’ पाहिजे असतं, म्हणून शब्दाच्या सुरुवातीला जुळलेल्या अक्षराला जास्त मार्क, सलग जुळलं तर जास्त, मधे गॅप पडला तर वजा, आणि नुकतीच उघडलेली फाइल असेल तर थोडं वर. सब्लाइम टेक्स्टनं एकाच डब्यात फाइलचं नाव, मग ॲट चिन्ह, मग सिम्बॉल असं टाइप करायची जी सोय दिली ती मला अजून सगळ्यात भारी वाटते, दोन्हीचे तीन-तीन अक्षरं टाइप केली की नेमका तिथं. ती सरळ उचल.

आणि हे सगळं मुख्य थ्रेडवर, म्हणजे टायपिंग आणि स्क्रीन सांभाळणाऱ्या कामाच्या ओळीत, करू नको म्हणून सांगायला नको, तरी सांगते. टाइप करताना अक्षर उशिरा उमटलं तर लॅबमधली पोरं एडिटर बंद करून नोटपॅड उघडतील.

आता शिळ्या इंडेक्सचा विषय, इथंच सगळे पडतात. फाइली बदलतात. एडिटरमध्ये सेव्ह न केलेला बफर (उघडलेल्या फाइलीचा मेमरीतला मजकूर) आहे, डिस्कवर वेगळं आहे, इंडेक्समध्ये तिसरंच. नियम असा ठेव की उघडा बफर असेल तर तोच खरा, डिस्क नाही. डिस्कवरच्या बदलांसाठी फाइल वॉचर, म्हणजे फाइल बदलली की कळवणारी सोय, लागतो, लिनक्सवर इनोटिफाय, पण तो फोल्डरच्या आतले फोल्डर आपोआप बघत नाही, प्रत्येकासाठी वेगळा वॉच लावायला लागतो आणि जुन्या कर्नलवर एका युजरला डिफॉल्ट मर्यादा 8192 ची होती, 5.11 पासून ती मेमरीप्रमाणे ठरते. लॅबची मशीनं जुनीच असणार, तेव्हा वॉच लावता आला नाही तर गप्प बसायच्या ऐवजी अधूनमधून फाइलीचा टाइम आणि साइज तपासायचा पर्याय ठेव. गिटमध्ये ब्रांच बदलली की शेकडो फाइली एकदम हलतात, तेव्हा प्रत्येक इव्हेंटला पार्स न करता अर्धा सेकंद शांतता होऊ दे मग एकदाच हात घाल. गिटइग्नोरमधलं, म्हणजे गिटला दुर्लक्ष करायला सांगितलेलं, सोड. नोड मॉड्यूल्सचा, म्हणजे बाहेरच्या लायब्रऱ्यांचा फोल्डर चुकून इंडेक्समध्ये घेतलास तर तुझे स्वतःचे दोनशे सिम्बॉल बाहेरच्या हजारोंखाली गाडले जातील.

एवढं करूनही इंडेक्स कधीतरी शिळा असणारच. म्हणून उडी मारायच्या आधी, दर वेळी, साठवलेल्या ओळीचा मजकूर आणि प्रत्यक्ष त्या जागेवरचा मजकूर ताडून बघ. जुळला तर जा. नाही जुळला तर वर-खाली सरकत जवळपास शोध, सापडला तर तिथं जा आणि मागून इंडेक्स दुरुस्त कर. तरी नाहीच सापडला तर खाली एक ओळ दाखव की ही जागा हललीय, आणि टेक्स्ट सर्चचा निकाल समोर ठेव. माझे वडील यंत्रमागावर होते. चांगल्या मागावर ताण्याचा धागा तुटला की पिन खाली पडते आणि माग थांबतो, ती सोय नसलेला माग तसाच विणत राहतो आणि अख्ख्या चादरीत रेघ उमटत जाते. माझ्या ‘गेटरेट’चं तेच झालं होतं, धागा तुटला होता आणि माग चालूच होता.

तिसरा प्रश्न, स्कोप. हा मजेशीर आहे. आपल्या गावात कुणी रिक्षावाल्याला नुसतं "मारुतीपाशी सोड" म्हटलं तर तो काय करतो? तू कुठं उभा आहेस ते बघतो. तुमच्या गल्लीत मारुती असेल तर तोच, नसेल तर पेठेतला, आणि तू बाजारात खरेदीला निघालेला दिसलास तर बाजारातला ‘मधला मारुती’. आणि खरंच कळलं नाही तर विचारतो, कुठला ओ? कंपायलर पण हेच करतो, आधी आतला ब्लॉक, मग फंक्शन, मग क्लास, मग फाइल, मग इम्पोर्ट केलेलं. तुला पूर्ण कंपायलर लिहायचा नाही, पण हाच क्रम रँकिंग म्हणून वापर. लोकल व्हेरिएबल असेल तर प्रोजेक्ट-इंडेक्सकडं जायचंच नाही, त्याच फंक्शनच्या झाडात वर वर चढत बघ. नाही तर त्याच फाइलीतलं, मग जी फाइल इम्पोर्ट किंवा इन्क्लूड केलीय तिच्यातलं, मग त्याच फोल्डरमधलं, मग उरलेलं जग. प्रकार पण बघ, पुढं कंस असेल तर फंक्शन वर आण, ‘न्यू’च्या पुढं असेल तर क्लास.

आणि आता माझा हट्ट. पहिला उमेदवार आणि दुसरा उमेदवार ह्यांच्यात स्पष्ट अंतर असेल, म्हणजे एक लोकल आणि दुसरा कुठंतरी लांबचा, तर सरळ उडी मार. अंतर नसेल तर यादी दाखव, सहाच्या सहा ‘गेटरेट’, प्रत्येकापुढं फाइलचं नाव आणि ती ओळ, वर-खाली केलं की बाजूला प्रिव्ह्यू. यादीत निवडायला माणसाला दोन सेकंद लागतात. मला दोन दिवस आणि एक शिवी लागली.

ह्या पद्धतीची एक ठाम मर्यादा आहे, मेथड कॉल. ‘ऑर्डर’ डॉट ‘सेव्ह’ असं दिसलं की ‘ऑर्डर’चा टाइप कळल्याशिवाय कुठलं ‘सेव्ह’ ते सांगता येत नाही, आणि प्रोजेक्टमध्ये ‘सेव्ह’ वीस ठिकाणी असणार. इथं दुसऱ्या पार्टनरचं म्हणणं खरं ठरतं. लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल, म्हणजे एडिटर आणि असा सर्व्हर ह्यांनी आपसात कसं बोलायचं त्याचे नियम, मायक्रोसॉफ्टनं 2016 मध्ये रेड हॅट आणि कोडेन्व्हीला बरोबर घेऊन जाहीर केला, त्यामागचा हिशेब सोपा आहे, दहा एडिटर आणि वीस भाषा असतील तर आधी दोनशे जोडण्या लिहायला लागायच्या, आता प्रत्येकानं आपापली एक बाजू लिहायची, तीसात भागतं. एडिटर आणि सर्व्हर दोन वेगळे प्रोसेस, मधे जेसन ह्या साध्या मजकूर-फॉरमॅटमधून बोलणं. डेफिनिशन, डिक्लरेशन, टाइपचं डेफिनिशन, इम्प्लिमेंटेशन, रेफरन्सेस, सगळ्याला वेगळी विनंती, म्हणजे मी वर म्हटले ते वेगवेगळे प्रश्न त्यांनीही वेगळेच ठेवलेत.

पण ‘जोड की झालं’ हे खोटं आहे. सर्व्हर चालू होऊन प्रोजेक्ट समजून घेईपर्यंत वेळ जातो, तेवढ्यात पोरगा तीनदा क्लिक करून झालेला असतो. काही सर्व्हर काहीशे एमबी रॅम सहज खातात, 4 जीबीच्या मशीनवर ब्राउझर उघडा असेल तर पंखा गड्ड्याच्या पाळण्यासारखा फिरायला लागेल. म्हणून मी असं करते, टॅग इंडेक्स कायम हजर, सर्व्हर असला तर बोनस. विनंती दोघांना पाठव, सर्व्हरला समज 300 मिलिसेकंदाची वाट बघ, आला तर त्याचं उत्तर, नाही आला तर टॅग्जचं उत्तर दाखव पण त्याच्यावर ‘अंदाज’ अशी खूण कर. यादी एकदा माणसाच्या डोळ्यासमोर आली की उशिरा आलेल्या उत्तरानं ती खालून हलवायची नाही, मी एंटर मारणार आणि नेमकी त्याच क्षणी ओळ बदलणार, असं करणाऱ्या एडिटरचा मला भयंकर राग येतो. माणूस पुढं निघून गेला असेल तर विनंती रद्द कर. आणि उत्तर आलं तेव्हा बफरचं व्हर्जन तेच आहे का बघ, मधे टाइप झालं असेल तर ती जागा शिळी.

आता आपल्या मराठी कॉमेंटींचं दुखणं, हे इंग्रजी ट्युटोरियलमध्ये फारसं भेटत नाही. लँग्वेज सर्व्हरच्या प्रोटोकॉलमध्ये ओळीतली जागा डिफॉल्टनं यूटीएफ-16 च्या एककात मोजतात, शून्यापासून. तुमचा एडिटर सी मध्ये आहे म्हणजे तुम्ही यूटीएफ-8 चे बाइट मोजताय. (दोन्ही अक्षरं साठवायच्या वेगवेगळ्या पद्धती.) ‘सोलापूर’ हा शब्द घे. डोळ्याला अक्षरं दिसतात चार. युनिकोडचे कोडपॉइंट (प्रत्येक चिन्हाला दिलेला नंबर) सात, कारण तीन मात्रा वेगळ्या. यूटीएफ-16 मध्ये एककं सात. यूटीएफ-8 मध्ये बाइट 21, देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं. आता ओळीच्या सुरुवातीला सी ची कॉमेंट, स्लॅश, तारा, स्पेस, ‘सोलापूर’, स्पेस, तारा, स्लॅश, स्पेस, आणि मग फंक्शनचा कॉल. सर्व्हरच्या लेखी तो कॉल 14 व्या जागी, तुझ्या लेखी 28 व्या. रूपांतर विसरलास तर क्लिक एकीकडं आणि उत्तर भलतीकडं, आणि फक्त इंग्रजी कोडवर टेस्ट केलंस तर हा बग तुला कधीच दिसणार नाही. प्रोटोकॉलच्या 3.17 व्हर्जनपासून दोघांनी आपसात ठरवून यूटीएफ-8 वापरायची सोय झालीय, पण समोरचा सर्व्हर जुना असू शकतो म्हणून रूपांतर लिहायलाच लागतं. इमोजी टाकून पण बघ, ते यूटीएफ-16 मध्ये दोन आणि यूटीएफ-8 मध्ये चार, म्हणजे ‘तीननं भागा’ असा जुगाड चालत नाही. कुणी कन्नड तेलुगूत कॉमेंट लिहिली तर देवनागरीसारखेच तीन तीन बाइट, उर्दूला बहुतेक दोन, वर उजवीकडून डावीकडं. आपल्या गावात हे चारही एका फाइलीत सापडू शकतं, माझ्याकडं आलेलं आहे.

तसंच ‘कर्सरखालचा शब्द’ काढताना. जावास्क्रिप्टच्या रेजेक्समधला शब्दाचा क्लास म्हणजे फक्त इंग्रजी अक्षरं, आकडे आणि अंडरस्कोर. पायथनच्या नेहमीच्या रेजेक्स लायब्ररीत देवनागरी व्यंजन शब्दात धरतात पण मात्रा बाहेर पडते, शब्दाचे तुकडे होतात. आणि पायथन, जावास्क्रिप्ट दोन्हींत देवनागरी नाव व्हेरिएबलला देता येतं, पोरं गंमत म्हणून देतातच. म्हणून शब्द कुठं संपतो हे रेजेक्सला न विचारता ट्री-सिटरच्या नोडला विचार. कॉमेंटमध्ये शोधताना अजून एक, ‘दुसऱ्या’ हा शब्द दोन तऱ्हेनं टाइप होतो, एकात ऱ हे स्वतंत्र अक्षर, दुसरीत साधा र, हलन्त आणि मधे न दिसणारा जॉइनर. दिसायला सारखे, बाइट वेगळे, आणि युनिकोडचं नेहमीचं नॉर्मलायझेशन पण त्यांना एक करत नाही. टेक्स्ट सर्चमध्ये हे स्वतःच जुळवून घ्यायला लागतं.

शेवटचं पण माझ्या दृष्टीनं सगळ्यात मोठं, परत येणं. तुझ्या वर्णनात ह्याचा शब्द पण नाही म्हणून मला काळजी वाटली. कोड वाचणारा माणूस एका जागी बसून वाचत नाही, तो ‘हे काय आहे’ म्हणून आत जातो, तिथून अजून आत, तिथून अजून एका ठिकाणी, आणि मग त्याला मूळ जागी यायचं असतं कारण डोक्यात विचार तिथं अर्धा सोडलेला असतो. व्हिम एडिटरमध्ये ह्याच्या दोन वेगळ्या याद्या आहेत, एक टॅग स्टॅक, म्हणजे डेफिनिशनमधून डेफिनिशनमध्ये गेलास त्या पायऱ्या, आणि एक जंपलिस्ट, म्हणजे सगळ्याच मोठ्या उड्या, शंभरपर्यंत. नवख्याला एकच यादी पुरते, ब्राउझरच्या बॅक-फॉरवर्डसारखी, तू तीच कर. पण काय नोंदवायचं ते नीट ठरव. बाणानं एकेक ओळ खाली गेलं ते नोंदवायचं नाही. डेफिनिशनवर उडी, सर्चची उडी, दुसरी फाइल उघडणं, लाइन नंबरवर जाणं, हे नोंदवायचं. एकाच फाइलीत दहा-बारा ओळींच्या आतल्या दोन नोंदी एकच समज, नाहीतर बॅक दाबला की कर्सर तिथल्या तिथंच थरथरतो. आणि नोंद लाइन नंबरची ठेवू नको, बफरबरोबर सरकणारी खूण ठेव, ईमॅक्स एडिटरमध्ये त्याला मार्कर म्हणतात, वर पाच ओळी घातल्या की ती पण पाच ओळी खाली सरकते. फाइल बंद असेल तर परत तीच जुनी युक्ती, ओळीचा मजकूर. परत आल्यावर स्क्रोल पण होतं तसंच पाहिजे, कर्सर बरोबर पण पान वेगळंच उघडलं तरी माणूस हरवतो.

कामाचा क्रम विचारला होतास. मी असते तर पहिल्या आठवड्यात बॅक-फॉरवर्ड आणि टेक्स्ट सर्च, मग ट्री-सिटरवर एका फाइलीची आउटलाइन, मग फाइलवार इंडेक्स आणि अर्धवट नावाचा शोध, मग स्कोपचं रँकिंग आणि ती यादी. भाषा दोनच घे, सी आणि पायथन, लॅबमध्ये तेवढंच चालतं. लँग्वेज सर्व्हर वेळ उरला तरच, आणि जोडलास तर सी साठी क्लँगडी हा सर्व्हर आधी जोडून बघ. रेफरन्सेस सध्या टेक्स्ट सर्चवर भागव, कॉमेंट आणि स्ट्रिंगमधले निकाल फक्त फिकट करून दाखव, लपवू नको, कारण पीएचपीसारख्या भाषेत फंक्शनचं नाव स्ट्रिंगमधून पण बोलावता येतं.

शॉर्टकटचं विचारलंस तर एफ12 आणि कंट्रोल-क्लिक हेच ठेव, बॅकला ऑल्ट आणि डावा बाण, लोकांची बोटं व्हीएस कोडवर बसलेली आहेत. माऊसवरचं मागे जायचं बटण पण जोडून दे, ते लई लोक वापरतात आणि हमखास विसरलं जातं. आणि डेमोच्या दिवशी परीक्षकांसमोर मुद्दाम सहा ‘गेटरेट’ असलेला प्रोजेक्ट उघड. टेस्टला हवा असेल तर माझ्याकडं त्या बिलिंगवरून नावं, दर सगळं बदलून केलेला एक नमुना पडून आहे, मराठी कॉमेंटीसकट, झिप करून पाठवते.